काउंटरवर प्रथमच संगणक वापरणाऱ्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांना आज्ञावलीची ओळख कशी करून द्यावी?

कोथरूडचा_आज्ञावलीकार (प्रश्न)

नमस्कार. पुण्यातील लहान सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आम्ही दोघे मिळून एक डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन तयार करीत आहोत. ते पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि खिडक्या-बटणे तयार करण्याचा क्यूटी ६ हा संच वापरून लिहिले आहे, विंडोजवर चालते आणि इंटरनेट नसले तरी त्याचे काम अडत नाही. दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची क्रमवार नोंद), सभासदांची नोंद, देवघेव, वर्गणी व अनामत यांचा हिशेब आणि वार्षिक अहवालासाठी लागणारे तक्ते एवढीच त्याची व्याप्ती आहे. संपूर्ण इंटरफेस मराठीत आहे.

ज्या ग्रंथालयांत हे बसवायचे आहे, तेथे काउंटरवर बसणारी मंडळी बहुधा पन्नाशीच्या पुढची आहेत. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे आणि कोणत्या सभासदाला ते आवडेल, हे त्यांना तोंडपाठ असते. संगणकाशी मात्र त्यांचा संबंध एखादे पत्र टाइप करण्यापलीकडे आलेला नाही. अ‍ॅप्लिकेशन पहिल्यांदा उघडल्यावर त्यांना काय दिसावे, यावर आमच्या दोघांत एकमत होत नाही.

सध्याचा आराखडा नेहमीचाच आहे. मुख्य खिडकी अंधूक होते, एकेका बटणाभोवतीचा भाग उजळतो, शेजारी एक फुगा उघडतो आणि त्यात त्या बटणाचे काम दोन ओळींत सांगून खाली ‘पुढे’ व ‘वगळा’ ही बटणे दिलेली असतात. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की, ‘वगळा’ हे बटण काढूनच टाकावे, म्हणजे प्रत्येकाला सर्व ओळख करून घ्यावीच लागेल. मला असे वाटते की, सक्ती केली तर लोक न वाचता ‘पुढे’ दाबत सुटतील आणि शेवटी आम्हालाच फोन करतील. तथापि एकेक बटण दाखवत जाणाऱ्या या फेरीऐवजी नेमके काय करावे, याचे उत्तर माझ्याकडेही नाही. ओळख कोठून सुरू करावी, कोठे थांबावी आणि त्यातील किती भाग अ‍ॅप्लिकेशनच्या बाहेर, म्हणजे छापील पत्रकात किंवा प्रत्यक्ष भेटीत ठेवावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ग्रंथपाल_शनिवार_पेठ

मी या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला बसणारी आहे, म्हणून तेथून काय दिसते ते सांगते.

नवी आज्ञावली समोर आली की कोणते बटण कोठे आहे, हा आमच्या मनातला पहिला प्रश्न नसतो. माझ्या हातून नोंद बिघडली तर ती दुरुस्त करता येईल का, हा असतो. वहीत चूक झाली तर ती लाल शाईने खोडून शेजारी सही करता येते; खोडलेलेही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. संगणकावर तसे काही करता येते की नाही, हे जोवर कळत नाही, तोवर माणूस कशालाच हात लावायला धजत नाही. म्हणून आपल्या त्या फेरीत काही एक दाखवायचेच असेल, तर चुकून दुसऱ्याच सभासदाच्या नावावर दिलेले पुस्तक परत कसे फिरवायचे, ते सर्वांत आधी दाखवा. शक्य असेल तर एक सराव ग्रंथालयही द्या. त्यात खोटे सभासद, थोडी पुस्तके आणि हवा तेवढा गोंधळ घालण्याची मुभा असावी. मात्र आपण सरावात आहोत की खऱ्या नोंदीत, हे खिडकीच्या वरच्या पट्टीचा रंग पाहताच कळले पाहिजे. नाही तर संध्याकाळची सगळी देवघेव सरावातच नोंदवली जाईल.

दुसरी गोष्ट वेळेची. अ‍ॅप्लिकेशन प्रथम कधी उघडले जाईल, याचा आपण विचार केला असेलच. पण फुगे वाचायला निवांत वेळ मिळेल, असे गृहीत धरू नका. काउंटरवर माणसे उभी असतात, त्यांतल्या दोघांना दिवाळी अंक हवे असतात आणि एकाचे वर्गणीवरून म्हणणे असते. त्या वेळी पडदा अंधूक झाला की पहिली प्रतिक्रिया ‘हे बिघडले’ अशीच होते.

तिसरे असे की, आमच्याकडे सकाळी एक जण आणि संध्याकाळी दुसरे जण बसतात, पण संगणक एकच असतो आणि तो चालू करण्याचा पासवर्डही एकच. सकाळच्या व्यक्तीने आपली फेरी पाहिली, तर संध्याकाळच्या व्यक्तीला ती दिसेल का?

आणि कृपया मेनूच्या क्रमाने शिकवू नका. आमचा दिवस ‘फाइल’पासून सुरू होत नाही, परत आलेल्या पुस्तकांपासून सुरू होतो.

वापरसुलभता_औंध

वरील प्रतिसादातील शेवटच्या वाक्यात आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आले आहे. फेरी हा प्रकार खिडकीची रचना समजावून सांगतो, तर वापरणाऱ्याला एखादे काम पार पाडायचे असते. या दोहोंची गाठ पडत नाही, म्हणून फेरी संपल्यावर फारसे काही लक्षात राहत नाही. लोक संगणक कसा वापरतात याचे अभ्यासक जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये याच गोष्टीची मांडणी केली होती: लोक माहितीपुस्तिका वाचायला थांबत नाहीत, ते लगेच कामाला लागतात, वाचले असते तर पुढे वेळ वाचला असता हे खरे असले, तरी ते वाचत नाहीत. तेव्हा ‘वगळा’ बटण काढल्याने वाचन वाढेल, ही आपल्या सहकाऱ्यांची अपेक्षा मला पटत नाही.

कॅरल यांचेच त्याआधीचे, १९८४ मधले काम आपल्याला अधिक उपयोगी पडेल. आयबीएमच्या डिस्प्लेरायटर या शब्दसंस्करण यंत्रावर त्यांनी नवशिक्यांसाठी एक वेगळी आवृत्ती तयार केली. तिच्यात मेनू तेच आणि त्याच जागी होते, पण नवखा माणूस ज्या पर्यायांत हमखास अडकतो ते बंद ठेवले होते. तो पर्याय निवडला तर ‘हे सरावाच्या यंत्रावर उपलब्ध नाही’ एवढाच संदेश येत असे. या आवृत्तीवर शिकणाऱ्यांचे साधे पत्र लवकर तयार झाले, चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला आणि यंत्राची समजही त्यांना अधिक चांगली आली. आपल्याकडे याचा अर्थ असा की, नव्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर सुरुवातीला देवघेव, शोध आणि सभासद नोंद एवढेच चालू ठेवावे. पुस्तके निकाली काढणे, दाखल क्रमांक बदलणे किंवा वर्षअखेर करणे हे पर्याय आपल्या जागी दिसावेत, पण ग्रंथपालांनी परवानगी दिल्यावरच चालावेत. पर्याय लपवून मात्र ठेवू नयेत, कारण नंतर ते अचानक उगवले की माणसाला सगळी खिडकीच नवी वाटू लागते.

आता फुग्यांविषयी. ते पूर्णपणे टाकून द्यावेत असे मी म्हणणार नाही. त्यांची वेळ बदलावी. ‘विलंब शुल्क’ या बटणाचा फुगा पहिल्या दिवशी उघडण्याऐवजी, मुदत उलटलेले पुस्तक पहिल्यांदा परत येईल त्या क्षणी, एकदाच उघडावा. शोधात काहीही सापडले नाही, तर रिकामी यादी न दाखवता त्या रिकाम्या जागेतच ‘आपण इंग्रजी अक्षरांत शोधले आहे, कीबोर्ड मराठीवर आणून पुन्हा शोधावे’ असे लिहावे. सभासदांची यादी अजून रिकामी असेल, तर तेथेच ‘पहिला सभासद नोंदवा’ हे बटण असावे. अशा जागा शोधत गेलात, तर स्वतंत्र फेरीची गरज आपोआप कमी होत जाते. मात्र आपण होऊन मध्ये बोलण्याची हौस आवरावी. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधला तो डोळे मिचकावणारा क्लिपवाला मदतनीस अनेकांना आठवत असेल. पत्राचा मायना लिहिताच तो विचारपूस करायला हजर होत असे. ऑफिस एक्सपीमध्ये तो मुळात बंद ठेवला गेला आणि ऑफिस २००७ मध्ये काढूनच टाकला गेला.

एक तांत्रिक बाब आवर्जून सांगतो, कारण ती कचेरीत बसून लक्षात येत नाही. बारकोड वाचक संगणकाच्या दृष्टीने एक कीबोर्डच असतो. तो आकडे टाइप करतो आणि बहुतेक वेळा शेवटी एंटर दाबतो. क्यूटीमधील संवादखिडकीत साध्या बटणाला ‘ऑटोडीफॉल्ट’ हा गुण, म्हणजे एंटरने ते बटण दाबले जाण्याची सोय, आधीपासूनच मिळालेला असतो. त्यामुळे फुगा उघडा असताना कोणी पुस्तक बारकोड वाचकासमोर धरले, तर त्या एंटरने ‘पुढे’ दाबले जाईल, फेरी आपली आपण पुढे सरकेल आणि पुस्तकाची नोंद मात्र होणार नाही. म्हणून फुग्याने कर्सर स्वतःकडे ओढू नये. तो दाखल क्रमांकाच्या चौकटीतच राहिला पाहिजे.

फुग्याची जागाही ठरावीक आकड्यांनी बांधू नका. १३६६ × ७६८ चा पडदा आणि अक्षरे मोठी दिसावीत म्हणून विंडोजमध्ये ठेवलेले १२५ टक्के प्रमाण, ही जोडी आपल्याला अनेक ठिकाणी भेटेल. तेव्हा अ‍ॅप्लिकेशनच्या हिशेबी जागा सुमारे १०९३ × ६१४ एवढीच उरते, आणि आपल्या मोठ्या पडद्यावर नीट दिसणाऱ्या फुग्याचे ‘पुढे’ बटण तेथे टास्कबारखाली जाते.

संगणक_शिक्षिका_सिंहगड_रस्ता

वरील सर्व सूचना मान्य करून थोडा विरोधी सूर लावते. प्रौढांना संगणक शिकवताना जे अडते, त्यातले पुष्कळसे कोणत्याही अ‍ॅप्लिकेशनच्या आत सोडवता येत नाही. एक क्लिक कोठे पुरते आणि दोन कोठे लागतात, खिडकी लहान होऊन खालच्या पट्टीत गेली तर ती ‘गेली’ नसते, टाइप केलेले भलत्याच चौकटीत का उमटते, हे शेजारी बसूनच दाखवावे लागते. त्यासाठी एक भेट तरी ठेवा, आणि त्या भेटीत माउस आपल्या हातात घेऊ नका. घाईत आपण चार क्लिक करून मोकळे होतो आणि समोरची व्यक्ती मान डोलावते. शिकत कोणीच नाही.

छापील मजकूर एका पानापुरताच असावा, तो कीबोर्डशेजारी चिकटवता यावा आणि त्यात पुस्तक देणे, परत घेणे, मुदत वाढवणे व चुकलेली नोंद फिरवणे एवढेच असावे. चित्रे अंतिम आवृत्तीच्या मराठी खिडक्यांचीच घ्यावीत. पानावर एक नाव आणि पडद्यावर दुसरे असले, तर नवशिका तेथेच थांबतो.

फक्त एका बाबतीत मी आपल्या सहकाऱ्यांच्या बाजूने आहे. नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवणे हे काम रोजच्या देवघेवीत कधीच समोर येत नाही, त्यामुळे ‘वेळ येईल तेव्हा फुगा दाखवू’ हा नियम तेथे लागू होत नाही. हार्ड डिस्क बंद पडली, हीच ती वेळ असते. तेवढी एक पायरी सक्तीची ठेवा, पण ती पहिल्या दिवशी नको. पहिल्या आठवड्याच्या शेवटी, अ‍ॅप्लिकेशन बंद करताना ती समोर यावी.

कोथरूडचा_आज्ञावलीकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहकाऱ्याशी चर्चा करून पूर्ण खिडकीची फेरी आम्ही रद्द केली आहे. सराव ग्रंथालय, मर्यादित खाते आणि प्रसंगी उघडणारे फुगे या दिशेने जाऊ. नोंदींची प्रत काढण्याची पायरी तेवढी सक्तीची राहील.

दोन शंका उरतात. फुगा पाहिला की नाही, याची नोंद सध्या क्यूसेटिंग्जमध्ये, म्हणजे क्यूटीच्या सेटिंग साठवण्याच्या सोयीत आहे. वर सांगितलेल्या दोन पाळ्यांच्या अडचणीवर त्याने उत्तर मिळत नाही, हे आता उघड आहे. आणि फुग्याने कर्सर घ्यायचा नसेल, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली) वापरणाऱ्या किंवा माउसशिवाय काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने फुग्यापर्यंत पोहोचायचे कसे?

वापरसुलभता_औंध

विंडोजवर क्यूसेटिंग्ज ही नोंद साधारणतः रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, विंडोजच्या त्या वापरकर्त्याच्या नावाखाली ठेवते. संगणकाचा पासवर्ड एकच असेल, तर सकाळ-संध्याकाळची माणसे तिच्या लेखी एकच व्यक्ती ठरतात. म्हणून ही नोंद आपल्या डेटाबेसमध्ये, अ‍ॅप्लिकेशनच्या कर्मचारी खात्याला जोडून ठेवावी. कर्मचारी, सूचनेचा क्रमांक, सूचनेची आवृत्ती आणि स्थिती एवढे चार रकाने पुरतील. आवृत्तीचा रकाना अशासाठी की, पुढे ‘मुदतवाढ’ची पद्धत बदलली, तर त्या एकाच सूचनेचा आकडा वाढवून ती सर्वांना पुन्हा दाखवता येईल, बाकीच्या गप्प राहतील. ‘पाहिले’ आणि ‘न वाचता बंद केले’ या स्थिती वेगळ्या ठेवा. दुसरी स्थिती असलेल्या सूचना ‘मदत’ मेनूत एका यादीत राहाव्यात, म्हणजे गर्दी ओसरल्यावर त्या वाचता येतील. काउंटरवर खाते बदलणे एका क्लिकचे मात्र हवे, नाही तर संध्याकाळची व्यक्ती सकाळच्याच खात्यावर काम करीत राहील आणि हा सगळा खटाटोप वाया जाईल.

दुसऱ्या शंकेसाठी एफ६ ही कळ वापरावी. विंडोजमधील अनेक अ‍ॅप्लिकेशनांत ती एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यासाठीच असते. फुगा उघडताना कर्सर हलवू नये. एफ६ दाबल्यावर तो फुग्यात जावा आणि एस्केप दाबताच पूर्वीच्याच चौकटीत परत यावा. फुगा उघडल्याचे स्क्रीन रीडरला आपोआप कळणार नाही, म्हणून त्या क्षणी क्यूटीच्या सुलभता यंत्रणेतून सूचना पाठवावी आणि फुग्याला वाचता येण्याजोगे नाव व वर्णन द्यावे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे. तो सुरू करून, माउस बाजूला काढून, एक पुस्तक देऊन परत घेऊन पाहा, आणि त्याच वेळी बारकोड वाचकही जोडलेला ठेवा.

ग्रंथपाल_शनिवार_पेठ

सराव ग्रंथालय तयार झाले की कळवावे. आमच्याकडे दुपारी वाचनालय बंद असते, त्या वेळेत संध्याकाळच्या कर्मचाऱ्यांना बसवून पाहता येईल. त्यांनी बारकोड वाचक अजून हातात घेतलेला नाही, त्यामुळे चाचणीला तेच योग्य.