पीएस४ चा लाइट पांढरा, टीव्ही काळा. घरी उघडू का? सल्ला हवा

निवांतखेळ्या
मंडळी, माझ्याकडे पीएस४ (प्लेस्टेशन ४ गेम कन्सोल) आहे, पहिल्या पिढीतला जाडा. परवा भाचा टीव्हीच्या मागे काहीतरी शोधायला गेला, एचडीएमआयची केबल पायात अडकली आणि कन्सोल कपाटावरून खाली पडता पडता राहिला. तेव्हापासून चालू केला की नेहमीसारखा वाजतो, निळा लाइट येतो, मग पांढरा होतो आणि पांढराच राहतो. पंखा फिरतोय, डिस्क आत घेतोय. टीव्हीवर मात्र 'नो सिग्नल'.

एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या" असं सांगितलं. मला काही पटलं नाही. घरात मल्टीमीटर आहे, साधं सोल्डरिंग आयर्न आहे. वायरींना, स्पीकरला डाग दिलेत, त्यापुढे मजल गेलेली नाही. उघडायच्या भानगडीत पडू का? नक्की काय बिघडलंय ते कसं ओळखायचं? आतले गेमचे सेव्ह (खेळ जिथवर आलाय त्याच्या नोंदी) जाऊ नयेत एवढीच काळजी आहे, त्यांची कॉपी कुठेच नाही.

स्वच्छंदी
केबल बदलून बघितली का? दुसऱ्या टीव्हीला लावून बघितला का? हे दोन्ही झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका.

निवांतखेळ्या
केबल बदलली. टीव्हीचे दोन्ही पोर्ट बघितले. दुसरा टीव्ही बघायचा राहिलाय.

झिरो_ओहम
दुसरा टीव्ही बघाच, आणि तिथे सेफ मोडसुद्धा. कन्सोल पूर्ण बंद करा, मग समोरचं पॉवरचं बटण दाबून धरा. एकदा वाजेल. सोडू नका. साधारण ७ सेकंदांनी दुसऱ्यांदा वाजेल, तेव्हा सोडा. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून ठेवा, सेफ मोडमध्ये तो बिनवायरीचा चालत नाही. या मोडमध्ये चित्र अगदी कमी रिझोल्यूशनचं येतं, त्यामुळे भांडण नुसतं सेटिंगचं असेल तर इथे चित्र दिसायलाच हवं. दिसलं तर मेन्यूतून रिझोल्यूशन बदला आणि विषय संपवा. नाही दिसलं तर मामला हार्डवेअरचा.

तोवर लाइट काय सांगतोय ते वाचा. तुमचा पांढरा होऊन थांबतोय ही चांगली बातमी आहे. प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय आपापलं काम करतायत, फक्त चित्र बाहेर पडत नाहीये. निळा लुकलुकत राहून कन्सोल बंद पडला असता तर संशयितांची यादी बरीच लांबली असती: पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क, मुख्य चिप, काहीही. लाल म्हणजे तापलाय. न उघडता मदरबोर्डवर फुली मारणाऱ्याने हा लाइटसुद्धा बघितलेला दिसत नाही.

केबल ओढली गेली आणि लगेच चित्र गेलं, म्हणजे पहिला संशय पोर्टवरच. टॉर्च लावा आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पोर्टच्या आत बघा. मधे एक पातळ जीभ असते आणि तिच्या वर-खाली मिळून १९ पट्ट्या. सगळ्या एका रेषेत हव्यात. एखादी मागे सरकलेली, शेजारणीला टेकलेली किंवा जीभच वाकडी दिसली तर उत्तर मिळालं. सुईने सरळ करायला जाऊ नका. चालू कन्सोलमध्ये तर मुळीच नको.

गरमहवा
एवढं पाल्हाळ कशाला? उघडा, हीटगनने चिपवर दोन मिनिटं हवा मारा, सोल्डर पुन्हा बसतं. माझा जुना एक्सबॉक्स ३६० असाच उठला होता.

झिरो_ओहम
आणि किती दिवस चालला? ३६० बिघडला की दिसणाऱ्या लाल वर्तुळाचं दुखणं इतकं पसरलं होतं की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापायी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तिथे सतत तापून-निवून चिपच्या पोटातल्या जोडण्या तुटत होत्या. वरून शेकलं की त्या प्रसरण पावून तात्पुरत्या टेकतात, पुन्हा थंड-गरम झाल्या की सुटतात. ती दुरुस्ती नव्हे, मुदतवाढ. आणि इथे तर तो आजारच नाही. पायाला लागलंय आणि तुम्ही डोक्याला बाम चोळायला सांगताय. कृपा करून धागाकर्त्याला हीटगन घ्यायला लावू नका.

गरमहवा
आठवडाभर चालला, खरं सांगायचं तर. माघार घेतो.

दुपारची_शिफ्ट
धाग्यात घुसतेय, पण कन्सोलचाच प्रश्न आहे. निन्टेंडो स्विचच्या डाव्या जॉय-कॉनची (कंट्रोलरची) काठी आपोआप वर सरकते. हेही घरी होण्यासारखं आहे का?

झिरो_ओहम
होण्यासारखं आहे, आणि पहिल्यांदाच काही उघडणाऱ्याने त्यानेच सुरुवात करावी. काठीच्या आत कार्बनच्या पट्ट्यांवर छोटे धातूचे संपर्क घासतात. त्या पट्ट्या झिजल्या किंवा त्यांवर धूळ साचली की हात न लावताही हालचाल नोंदली जाते. आधी सेटिंगमधून काठ्यांचं कॅलिब्रेशन करून बघा. फरक नाही पडला तर काठीचा अख्खा भाग बदला, डाग द्यावा लागत नाही, पातळ रिबनने जोडलेला असतो. रिबनच्या सॉकेटला बारीक झडप असते, ती नखाने वर उचला आणि मगच रिबन काढा. झडप तुटली की सोप्या कामाचं अवघड होतं. बाहेरच्या स्क्रूंना तीन पाकळ्यांचा वाय बिट लागतो. नवीन काठी घेताना हॉल सेन्सरची मिळाली तर ती घ्या. तिच्यात चुंबकाने जागा मोजली जाते, त्यामुळे घासून झिजायला पट्टीच नाही.

पीएस४ च्या कंट्रोलरला मात्र हे लागू नाही. तिथे काठी बोर्डाला १४ डागांनी बसलेली असते.

दुपारची_शिफ्ट
वाय बिट मागवते. आभार!

निवांतखेळ्या
अहवाल देतो. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर सेफ मोड बघितला, दुसऱ्यांदा वाजलं, चित्र नाही. पोर्टमध्ये टॉर्च मारली तर जीभ एका बाजूला किंचित कललेली आहे आणि टोकाजवळची एक पट्टी आत गेल्यासारखी वाटते. म्हणजे पोर्टच ना? नवीन पोर्ट मागवून टाकू?

झिरो_ओहम
थांबा. पोर्ट गेलाय हे दिसलं, पण *फक्त* पोर्टच गेलाय का हे अजून कळलेलं नाही. पोर्टमागे एकेका जोडीवर बारीक फिल्टर असतात आणि त्यांच्यामागे चित्र बाहेर पाठवणारी एचडीएमआय चिप. पट्टी वाकून भलतीकडे टेकली असेल तर झटका तिथपर्यंत जाऊ शकतो. चिप गेली असेल तर नवा पोर्ट लावूनही पडदा काळाच राहणार. मल्टीमीटर आहे तर उघडून मोजाच, तेवढं घरी जमतं.

आधी वायर काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबा आणि थोडा वेळ जाऊ द्या. उघडायला मधे छिद्र असलेला टॉर्क्स बिट लागतो, मॉडेलप्रमाणे टी८ किंवा टी९. साध्या टॉर्क्सने जबरदस्ती केलीत तर स्क्रूचं डोकं जाईल. मागचे काही स्क्रू स्टिकरखाली असतात. आत पॉवर सप्लायचा काळा डबा दिसेल, तो अख्खा उचलून बाजूला ठेवायचा. तो डबा उघडायचा नाही. आतला मोठा कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून बसतो आणि तो झटका गमतीचा नसतो. या धाग्यात दुसरं काही नाही वाचलंत तरी चालेल.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे निघतात. जाड पुठ्ठ्यावर कन्सोलची आकृती काढा आणि निघाला तसा प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचत जा. छोट्याच्या जागी लांब बसवला तर खाली काय चिरडेल सांगता येत नाही. गालिच्यावर बसू नका, आणि बोर्डाला हात लावण्याआधी जमिनीला जोडलेल्या धातूला हात लावा.

बोर्ड हातात आला की मल्टीमीटर डायोडच्या सेटिंगवर ठेवा. लाल टोक पोर्टच्या धातूच्या खोक्यावर, काळं टोक मागच्या पायांवर एकेक करून. चित्राच्या ८ लाइन असतात, ३ जोड्या रंगांच्या आणि १ क्लॉकची. त्या आठांचं रीडिंग एकमेकांच्या जवळपास यायला हवं. आकडा किती हे सोडा, ते एकमेकांसारखे आहेत का एवढं बघा. एखाद्यावर शून्य आलं तर शॉर्ट, 'ओएल' आलं तर तुटलेलं. ओएल आलं की त्याच लाइनवर फिल्टरच्या दोन्ही टोकांना मोजा.

स्वच्छंदी
बोर्ड बाहेर काढलाच आहे तर धूळ काढून मुख्य चिप आणि तिला थंड ठेवणारा धातूचा हीटसिंक यांच्या मधली पेस्टही बदला की. हवेच्या डब्याने पंखा साफ करताना पाती काडीने धरून ठेवा. भन्नाट फिरताना बघायला मजा येते, पण बेअरिंगची वाट लागते. व्हॅक्यूम क्लीनर नको, स्थिर वीज तयार होते.

निवांतखेळ्या
मोजलं! सात लाइन जवळजवळ सारख्या, एकीवर ओएल. तीच, वाकलेल्या पट्टीची. फिल्टरच्या पोर्टकडच्या टोकाला टेकवलं तर मात्र बाकी सातांसारखंच रीडिंग आलं. भिंगातून बघितलं तर त्या पायाखाली केसाएवढी फट दिसतेय, पाय बोर्डावरून सुटलाय.

झिरो_ओहम
उत्तम. फिल्टर शाबूत, त्यामागची चिपही शाबूत दिसतेय. नुसता पोर्ट बदलायचा. मदरबोर्डची तेरवी रद्द.

आता तुम्हाला आवडणार नाही ते सांगतो: पोर्ट तुम्ही काढू नका. त्या एका पायाला तुमच्या आयर्नने डाग देता येईल, पण जीभ वाकलीये, चित्र आलं तरी टिकणार नाही. पूर्ण पोर्ट काढायचा म्हणजे १९ बारीक पाय आणि बोर्डाच्या आरपार गेलेले ४ जाड पाय एकाच वेळी वितळायला हवेत. ते जाड पाय बोर्डातल्या ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेले, सगळी उष्णता तिथेच पळते. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळतं. जाणकार त्यात १८३ अंशांना वितळणारं शिशाचं सोल्डर मिसळतात, सोल्डर नीट वाहावं म्हणून फ्लक्स लावतात, आजूबाजूचं प्लास्टिक उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने झाकतात, हॉट एअर मारतात आणि पोर्ट चिमट्याच्या हलक्या धक्क्याने आपसूक सरकेपर्यंत वाट बघतात. ओढला की खालचे तांब्याचे पॅड सोलून येतात, आणि मग खरंच बोर्ड गेला म्हणायची वेळ येते. शिकायचंच असेल तर भंगारातला बोर्ड आणून त्याच्यावर शिका, स्वतःच्या कन्सोलवर नको.

गरमहवा
आता माझ्या हॉट एअरला काम निघालं तर मला नको म्हणताय :)

निवांतखेळ्या
ठीक, पोर्टचं काम बोर्डावर सोल्डरिंग करणाऱ्याकडे देतो. धूळ आणि पेस्ट मात्र मी करणार. पेस्ट किती लावायची?

स्वच्छंदी
जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. नवीन मधोमध मटारच्या दाण्याएवढी, दाबाने ती पसरते. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले नसतील तर तसेच राहू द्या, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही.

आणि कुणी हे वाचून पीएस५ उघडायला निघालं असेल तर तिथे पेस्ट नाही, द्रवधातू आहे. वीज वाहतो. बाजूला सांडला तर बोर्ड शॉर्ट. त्याचा हीटसिंक उचलू नका, धूळ काढून गप्प बसा.

झिरो_ओहम
निवांत, द्यायच्या आधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. तुमच्या मॉडेलवर वरचं चकचकीत झाकण सरकवलं की ती दिसते, एका स्क्रूवर असते. डिस्क नसली तरी पोर्ट तपासता येतो: कन्सोल चालू केल्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश टीव्हीवर येतो. संदेश दिसला म्हणजे चित्र आलं.

पोर्ट बदलून मागा, बोर्ड बदलून नको. "दुसरा बोर्ड टाकून देतो, स्वस्तात होईल" असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. डिस्कवरचा डेटा त्याच बोर्डाच्या किल्लीने बंद केलेला असतो, दुसऱ्या बोर्डाला ती डिस्क कोरी करून घ्यावी लागते आणि तुमचे सगळे सेव्ह जातात. देण्याआधी बोर्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, एका कोपऱ्यात मार्करने खूण करा. चित्र आलं की पहिलं काम, सेव्ह यूएसबीवर उतरवून घ्या. मग भाच्याला बोलवा.

निवांतखेळ्या
डिस्क काढली, फोटो काढले, खूणही केली. उद्या देतो. दुरुस्तीवाल्याला दाखवायला रीडिंग कागदावर लिहून ठेवली आहेत.