नदीकाठचं शांत उपनगर : राहून बघितलेल्यांनी बोला

पाणथळ
नदीकाठच्या शांत उपनगरात राहणं म्हणजे सुख, हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायची खुमखुमी आली आहे. माझं म्हणणं असं की तिथली शांतता नदीमुळे नाही, गैरसोयीमुळे असते. एका बाजूला पाणी, म्हणजे त्या बाजूला रस्ता संपला. रस्ता पुढे कुठेच जात नसल्यामुळे परक्या गाड्या तुमच्या दारावरून जात नाहीत. झाली शांतता! पण त्याच कारणाने बस तासातून एखादी, दुकानं मोजकी आणि दवाखाना लांब. दुकानाला चारही बाजूंनी गिऱ्हाईक लागतं, इथे निम्म्या बाजूला मासे.

पलीकडचा काठ इतका जवळ दिसतो की हाक मारावी. जायचं म्हटलं तर मात्र पुलापर्यंत वळसा. पूल दुरुस्तीला काढला की अख्खी वस्ती अडकली. गाडी न चालवणाऱ्या वयस्कर माणसांना विचारा, ते याला शांतता म्हणत नाहीत, कोंडून पडणं म्हणतात. रविवारी फिरायला येणाऱ्याला नदी दिसते, राहणाऱ्याला पूल दिसतो.

उजवा तीर
तपशील सगळे खरे, निष्कर्ष साफ अमान्य. रस्ता पुढे जात नाही हा तोटा कसा? लहान मुलं असलेल्या घरात विचारून बघा. आमच्या गल्लीत मुलं भर रस्त्यात सायकल शिकतात. खिडकीसमोर उद्या कुणी बारा मजले उभे करेल ही धास्ती नाही. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी काठालगतच्या घरांना फरक जाणवतो (दोन-चार गल्ल्या आत गेलात की तो संपतो, तेही सांगून टाकतो). शिवाय रोज सकाळी चालायला जागा, आणि तिथे सिग्नल नाही.

बसची तक्रार कुठल्याही कडेच्या वस्तीची आहे. ती नदीच्या माथी का मारताय?

रातकिडा
शांततेबद्दल जरा बोलतो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा उबदार राहते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो, त्यामुळे तो पाण्यावरून लांबवर ऐकू जातो. पलीकडच्या काठावर लाउडस्पीकर लागला की तो आपल्याच गच्चीवर लावलाय असं वाटतं. अडवायला मध्ये ना झाड ना भिंत. तक्रार करायला जावं, तर तो काठ दुसऱ्या हद्दीत!

डासांचं खापर मात्र नदीवर फोडू नका. वाहत्या पाण्यात डासांच्या अळ्या तग धरत नाहीत. प्रवाह आटून काठाला डबकी साचली की मग बघायचं. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

गणित कच्चं
इतके प्रतिसाद झाले आणि पूर हा शब्द कुणी काढला नाही, कमाल आहे. घर विकणारा सांगतो, "शंभर वर्षांत एकदा येणारा पूर आहे, काळजी नको." ऐकणाऱ्याला वाटतं, मागच्या पिढीत आला, आता आपण सुटलो. त्याचा खरा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. गेल्या वर्षी आला असला तरी यंदा पुन्हा १ टक्काच. घराचं कर्ज ३० वर्षांचं धरा. तेवढ्या काळात निदान एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. चारातल्या एका घरकर्जदाराने हे सोसायचंय, आणि आपण बसच्या फेऱ्या मोजतोय.

उजवा तीर
म्हणून तर वर धरणं असतात आणि काठाला भिंती असतात. आता काय नदी दिसली की पळत सुटायचं?

गणित कच्चं
भिंत बांधली की लोक निर्धास्त होतात, काठाला आणखी घरं चढतात आणि भिंत ओलांडणारं पाणी आलं की नुकसान आधीपेक्षा मोठं होतं. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्येच मांडलं होतं की नुसती बांधकामं करून पुराचं नुकसान थांबत नाही.

ब्रिस्बेन बघा. १९७४ ला नदी शहरातल्या मापावर ५.४५ मीटरपर्यंत चढली. मग वरच्या अंगाला विव्हनहो धरण झालं. लोकांना वाटलं, भागलं. २०११ ला पाणी ४.४६ मीटर, २०२२ ला ३.८५. धरणाने पातळी कमी केली असेल, पण काठच्या उपनगरांत पाणी शिरलंच.

वळण
दोघंही "नदीकाठ" असं म्हणताय जणू सगळा काठ एकसारखाच. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला प्रवाहाचा जोर असतो, तो काठ खचत जातो. आतल्या बाजूला गाळ बसून सपाट, देखणी जमीन तयार होते. ती सखल असते, त्यामुळे पाणी आधी तिथेच पसरतं. आणि बंगले नेमके तिथे! चार घरं सोडून जमीन दोन मीटर उंच असली तर सगळा हिशोब बदलतो.

दुसरं म्हणजे नदीला जागा दिली तर शांतताही मिळते. १९९५ च्या पूरस्थितीत नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच लाख लोक हलवावे लागले. त्यानंतर त्यांनी बांध नुसते उंच करत बसण्याऐवजी काही ठिकाणी मागे घेतले. नाइमेखेन शहरासमोर, वाल नदीच्या पलीकडे लेंट नावाची वस्ती आहे. तिथला बांध ३५० मीटर आत सरकवला आणि नदीसाठी जादा प्रवाह खणला. मधल्या बेटावर आज लोक फिरायला जातात. त्यासाठी ५० च्या आसपास घरं पाडावी लागली, हेही त्याच हिशोबात धरायचं.

पाणथळ
वळण, प्रतिसाद आवडला. पण त्या ५० घरांतल्या लोकांनाही काठ शांत आहे म्हणूनच आवडला असणार. माझा मूळ मुद्दा तसाच राहतो. पाणी चढल्यावर बाहेर पडायची वाट एकच, आणि ती बहुधा सगळ्यात सखल रस्त्यावरून जाते. ६० सेंटीमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. गैरसोय म्हणतो ती ही.

उजवा तीर
पूरपातळीच्या खुणा बघूनच घर घेतलंय. खाली फक्त गाडी, राहणं वरच्या मजल्यावर. पाणी चढायच्या आत निघायचं हे घरात सगळ्यांना पाठ आहे. आणि पुलाचं म्हणाल तर दुसरा पूल झाला की तुमची बस येईल, दुकानं येतील आणि मागोमाग पलीकडची सगळी वाहतूक आपल्या गल्लीतून जाईल. त्या पुलाच्या अर्जावर मी सही करणार नाही.

पाणथळ
मी केली आहे.