शॉर्ट सेलिंगच्या फाईलमधला आकडा एवढा लहान काहून?

दर्यापूरवाला
राजेहो, एनएसई शेअरबाजाराच्या साईटवरून शॉर्ट सेलिंगची, म्हणजे जवळ नसलेला शेअर आधी विकल्याची, फाईल उतरवली. एका एफ अँड ओ (फ्युचर्स अन् ऑप्शन्स, पुढच्या तारखेचे सौदे) मधल्या शेअरची त्या दिवशीची उलाढाल 18 लाख शेअर, डिलिव्हरी (खरंच खात्यात गेलेले शेअर) 6 लाख 30 हजार, भाव 4 टक्के खाली. अन् फाईलमध्ये शॉर्ट फक्त 42 हजार! मग पाडलं कोणी? आकडा लपवून राहिले का?

वणीचा तराजू
लपवलेला नाही भाऊ, तो मोजतोच वेगळं. सकाळी विकून साडेतीनच्या आत परत घेतलं, तर दिवसाअखेर शॉर्ट उरतच नाही. तो सौदा उलाढालीत दिसेल, ह्या आकड्यात नाही. इथं येतात ते डिलिव्हरी द्यावीच लागणारे शॉर्ट.

बाजार नियामक सेबीच्या 5 जानेवारी 2024 च्या परिपत्रकात क्रम दिला आहे. संस्थेनं ऑर्डर टाकतानाच शॉर्ट आहे म्हणून सांगायचं, किरकोळ गुंतवणूकदारानं त्याच दिवशी बाजार बंद व्हायच्या आत. ब्रोकरनं शेअरनिहाय जमवून दुसऱ्या दिवशीचा बाजार उघडण्याआधी एक्स्चेंजला द्यायचं, अन् एक्स्चेंजनं आठवड्याला जाहीर करायचं. संस्थांना इंट्राडे (त्याच दिवशी विकून-घेऊन मिटवणं) चालत नाही. नागडा शॉर्ट, म्हणजे सेटलमेंटला शेअर न देता नुसतं विकून मोकळं होणं, कोणालाच चालत नाही.

म्हणून 42 हजार भागिले 18 लाख करू नको. डिलिव्हरीनं भाग: 42,000 ÷ 6,30,000, म्हणजे 6.67 टक्के. हाच टक्का मागच्या 20 दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहा. एका दिवसाचा सुटा आकडा बिनकामाचा.

कास्तकार पुसद
अन् पाडणारा बहुतेक फ्युचर्समध्ये बसला असते, तो ह्या फाईलमध्ये येतच नाही. भाव खाली अन् ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेले सौदे) वर, तर नवे शॉर्ट. भाव वर अन् ओपन इंटरेस्ट खाली, तर शॉर्ट कव्हरिंग, म्हणजे शॉर्टवाले परत घेऊन राहिले. पण चालू अन् पुढचा महिना मिळून बेरीज घ्या. एक्स्पायरीच्या (सौद्याची मुदत संपायच्या) आठवड्यात नुसता चालू महिना पाहिला, की रोलओव्हरच (सौदा पुढच्या महिन्यात सरकवणं) कव्हरिंगसारखा दिसते, अन् इथंच बरेच जण गंडतात.

पार्टिसिपंटनिहाय ओपन इंटरेस्टच्या फाईलमध्ये क्लायंट (साधे ग्राहक), डीआयआय (देशी संस्था), एफआयआय (विदेशी संस्था), प्रो (स्वतःच्या खात्यावर खेळणारे ब्रोकर) असे चार गट रोज दिसतात. स्टॉक फ्युचर्सचे लाँग (घेतलेले) अन् शॉर्ट (विकलेले) वेगळे दिले असतात, पण सगळ्या शेअर्सचे मिळून. तुमच्या एका शेअरमध्ये कोण, ते त्यातून निघत नाही.

(बाकी, दरवेळी शॉर्टवाल्यावरच ढकलू नका. सोयाबीनचा वायदा डिसेंबर 2021 मध्ये बंद केला, तरी 2024 च्या हंगामात बाजार समितीत भाव 4,892 च्या हमीभावाखाली गेलेच.)

दर्यापूरवाला
फाईल म्हणजे त्या दिवशी विकलेलं. मग अजून फिटायचं किती बाकी, ते कुठं पाहू?

वणीचा तराजू
बरोबर जागी बोट ठेवलं. रोजच्या शॉर्टची बेरीज करून शिल्लक निघत नाही, कारण परत घेतलेलं त्यातून वजा होत नाही. जवळचा धागा म्हणजे एसएलबी, शेअर उसने देण्या-घेण्याचा विभाग, 2008 पासूनचा. त्यातल्या ओपन पोझिशन म्हणजे उसने घेऊन अजून परत न केलेले शेअर. फी दर शेअरमागं असते: 1,000 शेअर दीड रुपयानं, तर 1,500 रुपये. पोझिशन वाढून राहिली अन् फीही चढत असली, तर उसन्याची मागणी खरी. पण उसना घेणारा प्रत्येक जण भाव पडायचीच वाट पाहतो असं नाही. फ्युचर्स स्वस्त असला, की आर्बिट्राजवालेही (उसना शेअर विकून फ्युचर्स घेणारे, भावातला फरक कमावणारे) घेतात.

वरुड संत्रा
अमेरिकेत शिल्लक शॉर्टचा आकडा महिन्यातून दोनदा येते. युरोपीय संघात नेट शॉर्ट कंपनीच्या भांडवलाच्या 0.5 टक्क्यावर गेला की धारकाचं नाव जाहीर होते. आपल्याकडं शेअरनिहाय संख्या, नाव नाही.

अन् एक सावधानी. सर्किट (दिवसाच्या भावाची ठरलेली वरची-खालची मर्यादा) असलेल्या शेअरमध्ये इंट्राडे शॉर्ट मारू नका. अप्पर सर्किट लागलं की विकणारा मिळत नाही, स्क्वेअर ऑफ होत नाही (परत घेऊन सौदा मिटत नाही), माल ऑक्शनला जाते, म्हणजे एक्स्चेंज तुमच्या वतीनं लिलावात शेअर घेते. तिथंही नाही मिळाला तर क्लोज आऊट, म्हणजे पैशात हिशेब: सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनपर्यंतचा सर्वात वरचा भाव, किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावावर 20 टक्के, दोन्हीतला जास्त तो.