मदत हवी आहे: अलास्कातल्या युपिक (तिथले मूळ रहिवासी) गावात नऊ महिन्यांचा किराणा कसा न्यावा?

ऑगस्टपासून कुस्कोक्विम नदीकाठच्या एका युपिक गावात शाळेत शिकवायला जातोय. बेथेल या नदीकाठच्या गावाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या उगमाकडे. रस्ता नाहीच: उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाडी किंवा स्नोमशीन (बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी), एरवी छोटं विमान. शरद ऋतूत नदी गोठताना आणि मे महिन्यात बर्फ फुटताना काही आठवडे दोन्ही बंद, फक्त विमान, तेही हवामानाच्या लहरीवर.

मासे खातो, त्यामुळे सॅमन मासा मिळाला की आनंदच. प्रश्न डाळ, पोहे, कणीक, मसाल्यांचा आहे. गावात एकच दुकान आहे, तिथे हे नाही आणि असलेल्या मालाचे भाव ऐकून घाम फुटला. ऑनलाइन दोन दुकानांनी त्या पत्त्यावर पाठवायला नकार दिला. अँकरेज या अलास्कातल्या मोठ्या शहरातून टपालाने पाठवायचं ठरवलंय, एका खोक्याला 70 पौंडांची मर्यादा. चाचणी म्हणून आधीच्या शिक्षकाला एक खोकं पाठवलं. पोचलं, पण लोणच्याची बरणी फुटून पोह्यांचं लोणचं झालं!

शाळेच्या क्वार्टरमध्ये वीज आणि ओव्हन आहे, नळाचं पाणी नाही, त्यामुळे भांडी कमी घासावी लागतील असंच शिजवायचंय. कुकर नेतोच आहे. "इकडेच राहा, फोडणी सुखाने घाल" हे सल्ले घरून मिळालेत, ते नकोत.

अलास्कात किंवा तशाच थंड, रस्ता नसलेल्या गावात राहिलेल्यांनी सांगा: दोघांसाठी नऊ महिन्यांची डाळ-कणीक किती लागते, आणि वाटेत गोठून काय खराब होतं?