घटस्फोटानंतरही अर्जांवर अर्ज, ठाण्यात काय करता येतं?

कळवा_पूर्व
ठाणे कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोट झालाय. मुलगी ९ वर्षांची, ताबा माझ्याकडे. त्यानंतर समोरच्याचे पाच अर्ज आले: भेटीचे दोन, पोटगी कमी करण्याचे दोन आणि आता पुण्यात ताब्याचा. दोन फेटाळले, तरी तोच मजकूर फिरून येतो. हे कायमचं बंद होतं का? दर तारखेला जावंच लागतं का?

खाडीकाठ
ताई, कायमची बंदी ही फार लांबची वाट. खोडसाळ दाव्यांविरुद्ध महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, पण त्याखाली उच्च न्यायालयात अर्ज महाधिवक्त्यांनी (राज्य सरकारच्या मुख्य वकिलांनी) करायचा असतो. शिवाय ताबा, भेट, पोटगी हे हुकूम परिस्थिती बदलली की बदलता येतात. ‘एकदा निकाल लागला, संपलं’ असं तिथे सरसकट चालत नाही. आपल्या हातात एवढंच, की पुढचा अर्ज लवकर निकालात निघावा.

फेटाळलेल्या दोन्ही हुकुमांच्या सही-शिक्क्याच्या नकला आधी काढा. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावरून छापलेली प्रत प्रमाणित नसते. मग एका पानावर तक्ता करा: सीएनआर नंबर (प्रकरणाचा ई-कोर्ट्सवरचा क्रमांक), दाखल तारीख, मागणी, दिलेलं कारण, निकाल, हुकुमातला परिच्छेद. तो ‘से’सोबत (अर्जाला दिलेल्या लेखी उत्तरासोबत) जोडा. न्यायाधीश बदलतात, नव्यांना मागचं कोणी सांगत नाही. ‘से’त स्पष्ट लिहा: ‘मागील अर्ज फेटाळल्यानंतर परिस्थितीत काय बदल झाला, हे अर्जदाराने नमूद केलेले नाही.’ सगळा जोर या एका वाक्यावर द्या, चारित्र्याची धुणी धुऊ नका.

खर्चही मागा. खोट्या दाव्याची भरपाई दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ खाली जास्तीत जास्त ३,००० रुपये, म्हणजे नाममात्र. उगाच तारखा घेतल्याचा खर्च ३५ब खाली मागा. तो हुकूम झाला की पैसे भरल्याशिवाय त्यांना प्रकरण पुढे चालवता येत नाही.

रोजनामा
पुण्याचा अर्ज पालकत्व कायद्याखाली असेल तर कलम ९ बघा: मूल जिथे नेहमी राहतं तिथलंच न्यायालय. शाळेचं बोनाफाईड जोडून हरकत पहिल्याच ‘से’त घ्या, मागाहून घेतलेली सहसा टिकत नाही.

समन्स मात्र परत पाठवू नका. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की बजावणी झाली असंच धरतात, आणि प्रकरण एकतर्फी पुढे जातं. पत्ता बदलला तर प्रत्येक चालू प्रकरणात पुरसिस (न्यायालयाला लेखी कळवणं) द्या.

हजेरीमाफीचा अर्ज देता येतो, पण समुपदेशन आणि उलटतपासाची तारीख चुकवू नका. कौटुंबिक न्यायालयात वकील द्यायला परवानगी लागते, तो अर्ज पहिल्याच तारखेला टाका. कॅव्हेट, म्हणजे ‘आधी मला ऐका’ अशी न्यायालयात आगाऊ दिलेली सूचना, ९० दिवस टिकतं. त्याने नवा अर्ज अडत नाही, फक्त तुम्हाला न ऐकता अंतरिम हुकूम होत नाही.

खाडीकाठ
पोटगीबद्दल राहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. त्यांचं जुनं आणि नवं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

कळवा_पूर्व
संमतीपत्रात भेटीबद्दल ‘रविवारी सोयीनुसार’ एवढंच आहे.

रोजनामा
मग भांडणाचं मूळ तिथेच आहे. सोय कोणाची, हे लिहिलेलंच नाही! एकदा तुम्हीच अर्ज करून नेमकं ठरवून घ्या: पहिला आणि तिसरा रविवार, ११ ते ५, ने-आण सोसायटीच्या गेटवरून, मे आणि दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, मुलगी आजारी असली तर लगेचचा पुढचा रविवार, निरोप फक्त ईमेलवर. तोवर चालू भेट एकदाही बंद पाडू नका. मुलीची त्यात ओढाताण होते, आणि त्यांच्या पुढच्या अर्जाला खरं कारण मिळतं.