तपांबर गार कसं?

कृत्तिका: मुलांसाठीच्या विज्ञानपुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'तपांबरात दर किलोमीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं' हे वाक्य सहावीतल्या भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, तप म्हणजे तापणं ना? मग वर गार कसं?" मी गप्प. शाळेत जमिनीलगतचा हवेचा थर तपांबर, त्यावरचा स्थितांबर असं पाठ केलं, विश्वकोशात त्यांनाच क्षोभावरण-स्तरावरण म्हटलंय. कुठलं ठेवू?

वाटाड्या: क्षोभावरणच. इंग्रजी 'ट्रोपोस्फिअर'मधला ग्रीक 'ट्रोपोस' म्हणजे वळण, पालट. तेसरांक द बोर या फ्रेंच हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून १९०२ साली दाखवलं की साधारण ११ किलोमीटरच्या वर तापमान उतरायचं थांबतं. त्याखाली हवा सतत ढवळत असते, म्हणून ते नाव. तापाचा काही संबंध नाही.

गारवेल: आहे! उन्हाने आधी जमीन तापते, मग तिच्यामुळे हवा. चुलीपासून लांब जावं तसं गार. मी वर्गात असंच शिकवते. क्षोभ म्हटलं की मुलांना राग आठवतो.

वाटाड्या: हा अर्थ मागाहून बसवलेला. स्थितांबरात ओझोन अतिनील किरण शोषतो, तिथे वर जावं तसं तापमान वाढतं. तुमच्या हिशेबाने तपांबर त्याला म्हणायला हवं.

खळं: ट्रोपोस म्हणजे वळण, तर 'वळांबर' का नको? वळीवही वळण्यातूनच आला असणार. वळवाचा ढग चढत चढत त्या थराच्या छताला टेकला की लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. एकदा एप्रिलात पत्र्याला हात लावता येत नव्हता आणि त्यावर बोराएवढ्या गारा वाजल्या. एक फोडली, आत कांद्यासारखे पापुद्रे. भाचीला गारांचं सांगा, वर किती गार आहे ते कळेल.

मधुमालती: नवे शब्द पाडू नका. सरळ ट्रोपोस्फिअर लिहा. पुढे मुलांना तेच वाचायचंय.

गारवेल: पुढचं पुढे. आत्ता ती मराठीत विचारतेय. अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्रही. पीतांबर, दिगंबर. पृथ्वीने एकावर एक नेसलेली वस्त्रं, हे 'स्फिअर'मध्ये कुठून येणार?

खळं: आमची आजी आभाळच म्हणायची. तेही ढग असले तरच. आभाळ अभ्रावरून आलं, म्हणून 'आभाळ आलंय'.

वाटाड्या: निळं आभाळ सगळेच म्हणतात की.

खळं: आजी नाही म्हणायची. पण 'आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार' म्हणायची. म्हणजे आभाळही कापडच.

कृत्तिका: सोमवारी मजकूर द्यायचाय. तूर्त तपांबर ठेवते, गारांचा परिच्छेद घालते. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या 'होल'ला छिद्र म्हणू की विवर?

वाटाड्या: दोन्ही नको. तिथे आरपार भोक पडलेलं नाही. तिकडच्या वसंतात ओझोन फार कमी होतो, इतकंच.

गारवेल: मग 'विरला' लिहा. धुऊन धुऊन लुगडं विरतं तसा. जाळी दिसते, पण भोक नसतं.

मधुमालती: विरणं कापडाचंच. ओझोन वायू आहे, तो विरळ होतो.

खळं: आमच्याकडे ढगही विरतो.