निदान डॉक्टरांचं, पण प्रश्न सिस्टरलाच

"ब्रेन डेथ ठरवायचं काम डॉक्टरांचं, सिस्टरला त्यातलं कळून काय करायचंय?" असं एकांनी विचारलंय. (ब्रेन डेथ म्हणजे व्हेंटिलेटरवर हृदय चालू असलं तरी मेंदू कायमचा बंद पडणं.) मला हे अजिबात पटलं नाही. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांची सही लागते, तपासण्या दोनदा होतात आणि मध्ये किमान सहा तास जावे लागतात, इथपर्यंत बरोबर. पण सक्शन करताना, म्हणजे नळीने कफ ओढताना, पेशंट खोकेनासा झाला, डोळ्यांच्या बाहुल्या पसरल्या, लघवी अचानक भसाभस वाढली, हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येतं? झोपेचं औषध शेवटचं कधी दिलं, अंग गार पडलंय का, हेही तिच्याच चार्टवर असतं, आणि यातलं काही चुकलं तर तपासणीलाच अर्थ उरत नाही.

खरा घोळ पाय हलला की होतो. मेंदू मेला तरी मज्जारज्जूतून हालचाल होऊ शकते, कधी तर हात छातीपर्यंत वर येतात. नातेवाईक धावत येतात, "सिस्टर, बाबांनी पाय हलवला!" अशा वेळी ती स्वतःच गोंधळली की झालं, अवयवदानाबद्दल घरच्यांचं पुढचं समुपदेशन कोलमडलंच. (त्यासाठीचा समन्वयक येतो नंतर, तोवर घरच्यांचं मत बनलेलं असतं.) ॲप्निया टेस्टला (पेशंट स्वतः श्वास घेतो का, ही तपासणी) तिला नुसतं एबीजीचं, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं, सॅम्पल पळवायला उभं करू नका. व्हेंटिलेटर काढल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमी पाऱ्यावर जाऊनही छाती हलत नाही, हे तिला शेजारी उभं करून दाखवा. कोमा आणि ब्रेन डेथ यांतला फरक मग वेगळा शिकवावा लागत नाही.